पडत्या भिंतींचे फोटोग्राफर

उभ्या इमारतीकडे माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कधी धड बघितलं नाही. लातूरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, पण घरच्या भिंतींवर देवाचा किंवा पोराबाळांचा एकही फोटो नाही, सगळीकडे पाडापाडी. अर्ध्यावर कापलेली टॉकीज, धुळीत बुडालेलं कापसाचं जिनिंग, आणि एका दुमजली घराची निळी भिंत, जिच्यावर कॅलेंडर तसंच लटकलेलं. पाहुण्याला चहाआधी अल्बम द्यायचे आणि 'धूळ बघा, काय उतरलीय' म्हणून स्वतःच खूश व्हायचे. पाडायच्या इमारतीपुढं मालकाला सहकुटुंब उभं करायचे, टोपी सरळ करायला लावायचे आणि जेसीबीवाल्याला 'थांब की बाबा, ऊन येऊ दे' म्हणून ताटकळत ठेवायचे. मला बघायला आले तेव्हा पगाराचं काही विचारलं नाही, आमचं घर किती जुनं ते विचारलं. नवं आहे म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. भूकंपानंतर किल्लारीला मात्र कॅमेरा घरी ठेवून गेले, ढिगारे उपसायला. 'तिथं कुणाला निरोप घ्यायला सवड भेटली नव्हती,' एवढंच म्हणाले.

आमच्या लग्नाचे फोटो अर्थातच त्यांच्याकडे. नांदेडला मंगलाष्टकं रंगात आली आणि नेमकं तेव्हाच कार्यालयासमोरचं जुनं गोदाम पाडायला घेतलं. मामा कॅमेऱ्यासकट गायब. अल्बममध्ये अंतरपाट धरलेला आहे, पुढं पानभर गोदाम, आणि मग आम्ही थेट जेवायला बसलोय. बायकोनं गोदाम उपटून काढलं; ते पान कोरंच राहिलं आणि तिचा राग तसाच.

मागच्या उन्हाळ्यात रस्ता रुंदीकरणात खुद्द मामांचा स्टुडिओच गेला. हा फोटो तर सगळ्यांत देखणा निघायला हवा, म्हणून ते सकाळपासून कॅमेरा लावून बसले होते. आम्हीही गेलो होतो. दर्शनी भिंत कोसळली आणि आतला रंगवलेला पडदा उघडा पडला. तळं, कमळं, दोन हंस. त्या पडद्यापुढं काढलेल्या फोटोंवर अर्ध्या लातूरची लग्नं जमली होती. मामांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, पण बोट काही हलेना. शेवटी त्यांनी तो माझ्या बायकोच्या हातात दिला.

'पोरी, मला काई दिसंना झालंय. तू काढ.'

बायकोनं जेसीबी थांबवला, मामांना ढिगाऱ्यापुढं नेऊन उभं केलं आणि त्यांची टोपी सरळ केली. मग ऊन येईपर्यंत त्यांना चांगलं ताटकळत ठेवलं.

तो फोटो आता आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे, अंतरपाटानंतरच्या त्या कोऱ्या पानावर. तिनंच लावला. मामांचे डोळे त्यात भरून आलेत, आणि मला ते पान उलटवत नाही. धूळ मात्र सुरेख उतरलीय.