धोंडीबाच्या नवसाची काळी

शहाडवरून आगगाडी धावायला लागून वीस-बावीस वर्षं झाली होती, पण धोंडीबा उठायचा तो काळीच्या ओरडण्याने. काळी म्हणजे घरातली एकुलती एक काळी कोंबडी. अंडं घातलं की ती असा डंका पिटायची की पार मोहने गावापर्यंत बातमी जावी.

आदल्या पावसाळ्यात धोंडीबाला हिवतापाने धरलं. तीन गोधड्यांखाली तो खाटेसकट हलायला लागला, तेव्हा रखमाबाईने गावदेवीला हात जोडले, "यांना उठू दे, चैत्रातल्या जत्रेला दारची काळी देईन." धोंडीबा उठला. आणि जत्रेला बावीस दिवस उरले असताना काळी नाहीशी झाली.

"मुंगसाने नेली असेल," रखमाबाई म्हणाली. पण देवीला मुंगसाची सबब कोण सांगणार? धोंडीबाने धसकाच घेतला. साधी शिंक आली तरी बायकोसमोर कपाळ पुढे करायचा.

"बघ गो, गरम लागतंय का?"

"चैत्राच्या उन्हात उभे राहताय, गार कसं लागेल?"

तिने गोठा पाहिला, पेंढा उपसला, विहिरीत वाकून बघितलं. राहिला फक्त नदीकाठचा दुधीचा मांडव. त्याला नुकतीच बोटाएवढी फळं धरली होती. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, म्हणून धोंडीबाने भोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं. स्वतःसुद्धा बाहेरूनच पाटाचं पाणी सोडायचा.

"आत बघू का जरा?"

"तुझ्या हाताला बोटं आहेत ना? मग नको."

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवातून चिवचिव ऐकू आली. उंदीर समजून धोंडीबा काठी घेऊन आत शिरला, तर पिसं फुलवून काळी थेट त्याच्या नडगीवर धावून आली. मागे आठ पिल्लं. पाटाचं पाणी, मांडवाची सावली, वाळवीची मेजवानी! बाईने एकवीस दिवस धोंडीबाच्याच पहाऱ्यात बाळंतपण उरकलं होतं.

"सापडली गो, सापडली!" तो नाचायला लागला. हातांची दहाही बोटं दुधीखाली नाचत होती, पण आता दुधीची कोणाला पर्वा!

रखमाबाईने मात्र पिल्लं पाहून कपाळाला हात लावला. "अहो, लेकुरवाळीला देवीपुढे कशी न्यायची?"

धोंडीबाला लगेच हुडहुडी भरली. दोघं तसेच काळुराम भगताकडे गेले. देवीचं सगळं तोच बघायचा.

"लेकुरवाळीला हात नाही लावायचा," काळुराम म्हणाला. "उद्या नारळ ठेवा. तिच्या पिल्लांतलं काळं असेल ते मोठं झालं की आणा."

"आणि तोवर ताप आला तर?"

"अरे येड्या, देवी कशी येऊ देईल? तिची कोंबडी तुझ्याकडे आहे ना!"

घरी येऊन रखमाबाईने एकेक पिल्लू उचलून उन्हात धरलं. सगळी बापावर, दारच्या तांबड्या कोंबड्यावर गेलेली. काळं एकही नाही. तिचा चेहरा पडला.

"आता काय हो करायचं?"

धोंडीबा ओट्यावर पाय पसरून बसला. कितीतरी दिवसांनी त्याने कपाळ चाचपलं नव्हतं.

"काय करायचं? काही नाही. काळं निघेपर्यंत मला मरण नाही," तो म्हणाला. "आणि हे बघ, तो तांबडा कोंबडा कुणाला देऊ नकोस हां!"