धामणीला दिलेला हुंकार

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या दिवसांत मी निलंग्याजवळच्या एका खेड्यात चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. जिल्हा झाला म्हणून गावात पेढे वाटले. माझ्या वाट्याला पेढ्याबरोबर एक काम आलं. शाळेतल्या प्रत्येक रजिस्टरवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून तिथं ‘लातूर’ लिहायचं. शाळा दोनशिक्षकी, दुसरे गुरुजी दीर्घ रजेवर, तपासणी तोंडावर आलेली. खोडून खोडून हात आंबला होता.

त्यात पाऊस नव्हता. व्हरांड्यातल्या रांजणाखाली थेंब थेंब पाणी ठिबकायचं आणि तेवढ्या ओलीवर दिवसभर येजा असायची. सकाळी चिमण्या, त्या उडाल्या की मधमाश्या, दुपारी दोन कुत्री त्याच गारव्यात पोट टेकून पडायची. मी मुलांना ते दाखवायचो. तळ्यातले बेडूक मेले नाहीत, चिखल वाळायच्या आधीच खोल जाऊन निजलेत, हेही सांगितलं होतं. सगळ्यांनी दुष्काळाशी आपापलं जुळवून घेतलं होतं. मला तेवढं जमत नव्हतं. मी नुसता चिडचिड करायचो.

शाळेच्या मागं एक कोठीची खोली होती. दुष्काळात मुलांना खायला आलेल्या सुकडीची, त्या गोडसर भरड पिठाची, पोती तिथं ठेवलेली. मागच्या दगडी भिंतीच्या सांदीत एक धामण राहायची, चांगली माणसाएवढी लांब. मुलांनाही तिची सवय झाली होती. तिच्यामुळं कोठीत उंदीर टिकत नसे. मी फळ्यावर धान्य, उंदीर, धामण, घार अशी साखळी काढली तेव्हा मुलं मागच्या भिंतीकडं बघून हसली.

त्याच तासाला मी टेबलावर रजिस्टर खोडत बसलो होतो. पुढच्या ओळीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या घरची म्हैस चार दिवसांपासून आटली होती.

“गुरुजी, धामण म्हशीच्या पायाला इळखा घालून दूध पिती म्हनं. खरं हाय का?”

मी मान वर केली नाही. “हं,” म्हणालो. मला म्हणायचं होतं, बस खाली, नंतर बघू. पण आमच्या भागात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात, आणि खाली मान घालून ओढलेला ‘हं’ त्या पोरीला ‘हाव’च ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायला गेलो तर धामण भिंतीपाशी मरून पडलेली. काठीनं तिचं डोकं ठेचलं होतं. मुलीचे वडील तिथंच उभे होते, आणि काही चूक केल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. गुरुजींनीच हाव म्हटलंय, असं पोरीनं घरी सांगितलं, म्हणून मारली, असं त्यांनी मला सरळ सांगून टाकलं. शिकलेल्या माणसाचा शब्द, त्यावर त्यांनी कशाला शंका घ्यावी? मला तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. कुलूप काढलं आणि आत गेलो.

म्हशीला दूध आलं नाही. पंधरवड्यात कोठीत मात्र खुडबुड सुरू झाली. एके सकाळी सुकडी काढायला गेलो तर सगळी पोती कुरतडलेली, आत लेंड्या. ती खायला देता येणार नव्हती. पुढची पोती येईपर्यंत काहीच नाही, हे मला वर्गात उभं राहून सांगावं लागलं. मुलांनी ताटल्या परत दप्तरात ठेवल्या. बऱ्याच जणांचं दिवसातलं तेच पोटभर खाणं होतं. त्या दिवशी मला माझी मनापासून लाज वाटली.

मग मी रजिस्टर बाजूला सारलं आणि जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. सापाला चोखता येत नाही. त्याचे दात आत वळलेले असतात, म्हशीनं एका लाथेत उडवला असता. धामण म्हशीकडं नाही, गोठ्यातल्या उंदरांकडं जाते. फळ्यावर साखळी पुन्हा काढली, धामण पुसली आणि उंदीर वाढवत नेले.

ती मुलगी उठली.

“मग गुरुजी, तवा हाव का म्हनले?”

खोटं बोलण्याचंही त्राण नव्हतं. म्हणालो, “दमलो होतो गं. नीट ऐकलंच नाही.”

तिनं फळ्यावरच्या पुसलेल्या धामणीकडं बघितलं.

“आमची म्हैस बी दमली हुती,” ती म्हणाली. “चाराच नव्हता तिला.”

आणि खाली बसली.