माईंनी माझं नाव घातलं

डॉक्टरबाई विचारत होती, असं काही झालं तर काय करायचं, ते यांनी कधी सांगून ठेवलंय का? माझ्या मुलानं, नितीननं, तेच मराठीत विचारलं—"आई, माई तुला काही बोलली होती का?" आणि मी म्हणाले, "नाही. कधीच नाही."

धडधडीत खोटं. समोर माई, माझी थोरली जाऊ, तोंडात नळी घालून निजलेल्या. छाती मशीन हलवत होतं. या खोट्याबद्दल मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नितीनजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच—त्याला सांगून तो काय करणार? तुम्हाला सांगते. मध्ये बोलू नका.

माई बोलल्या होत्या. एकदा नाही, इतक्यांदा की मला वीट आला होता. मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कधीही. मेंदू गेला तर मशीनवर ठेवायचं नाही, पोटात नळी नको, सुखानं जाऊ द्यायचं. मी म्हणायची, माई, भाजी निवडा. एकदा म्हणाल्या, "नितीन रडत बसेल. सूनबाई फोनमध्ये शोधत बसेल. तू सरळ तोंडावर नाही म्हणशील. जन्मभर तुझी जीभ मला टोचली, एकदा तरी कामाला येऊ दे."

अशा बाईवर रागवावं की हसावं?

आणि ती थट्टा नव्हती. देवळाच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांची दुपारची बैठक असते. तिथे एक बाई आल्या होत्या. आपल्याला बोलता येईनासं झालं तर डॉक्टरांशी आपल्या वतीनं कोण बोलणार, त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा म्हणाल्या, आणि त्या माणसाला आपल्या मनातलं सांगून ठेवा. बायकांनी मुलांची, सुनांची नावं घातली. माईंना मूल नाही, पण नितीन त्यांच्याच मांडीवर वाढला, त्याचं घालता आलं असतं. त्यांनी माझं घातलं. साक्षीदार म्हणून सही करता करता बैठकीतलीच कुसुमताई म्हणाली, "अगं, जावेच्याच हातात मान दिलीस की." सगळ्या हसल्या. मीही हसले.

का हसल्या ते सांगायला हवं. आमचे नवरे सख्खे भाऊ. इकडे परदेशात, आयसेलिनला, एकाच घरात संसार केले, आता दोघीही विधवा. एका ओट्यावर दोन बायका—भांडणार नाहीत तर काय करतील? आमटीत गूळ किती, यावरून आम्ही एकदा वर्षभर अबोला धरला होता. निरोप नितीनकडून. तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय. ओक ट्री रोडवर भाजी घेणाऱ्या एकूण एक मराठी बाईला हे ठाऊक.

आता हॉस्पिटलात काय झालं ते ऐका. डॉक्टरबाई बरी होती, स्पष्ट बोलली. मेंदूत फार रक्तस्राव झालाय, पूर्वीच्या माई परत येणार नाहीत. एक तर नळी काढू, त्रास होऊ देणार नाही, त्या जातील. नाही तर गळ्याला भोक पाडून मशीन, पोटात नळी, आणि पुढे किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. नितीननं मराठीत सांगितलं, मला सगळं कळलं. चौथी शिकलेली आहे, बहिरी नाही. कागदावर माझं नाव होतं, म्हणजे निर्णय माझा. निर्णय तरी कसला? माईंनी घोकून घेतलेलं एक वाक्य फक्त म्हणून दाखवायचं होतं.

पण दाराच्या काचेपलीकडे कुसुमताई उभी होती. आणखी दोघीतिघी, हातात डबे. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बायका डबे घेऊन येतात आणि बातमी घेऊन जातात. मी त्यांच्याकडे पाहिलं. उद्या हॉलमध्ये काय बोलतील ते मला तिथेच ऐकू आलं—जावेनं डाव साधला.

एवढंच. माया दाटून आली म्हणून नाही. देवाची भीती वाटली म्हणून नाही. त्या उठून बसतील अशी आशा होती—तीही नाही. बायका काय म्हणतील म्हणून मी माईंना मशीनवर ठेवलं. "सगळं करा," म्हणाले. जन्मात कुणाची भीड धरली नाही म्हणून मिरवणारी, ती मी.

आणि लोकांनी काय केलं? कौतुक केलं. जाऊ असावी तर अशी. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी घेतला. घरी येऊन खोबरं भाजीत घातलं—टाकून काय करायचं?

माईंना मग नर्सिंग होममध्ये हलवलं, बरी न होणारी माणसं ठेवतात तिथे. त्या बायका फारशा फिरकल्या नाहीत. तिथे वास येतो. मी रोज जायची. गळ्यातल्या भोकामुळे माईंना आवाज नव्हता, उजवं अंग गेलेलं. डावा हात तेवढा हलायचा, आणि तो पोटातली नळी ओढायचा. म्हणून त्या हाताला जाडजूड मोजा चढवून ठेवत. नितीन आला की त्याच्याकडे बघत राहायच्या. मी आले की तोंड भिंतीकडे. म्हणजे त्यांना कळत होतं.

मला रोज सांगता आलं असतं. नितीनला, डॉक्टरला—मी खोटं बोलले, त्यांना हे नको होतं, थांबवा. मागाहूनही थांबवता येतं, हे त्या हॉलमधल्या बाईंनीच सांगितलं होतं. रोज जाताना ठरवायची, आणि रोज चादर सारखी करून परत यायची. आता तोंड उघडलं तर पहिलं खोटंही बाहेर पडणार. आणि शाल तर घेऊन झालेली.

मग न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. नितीन माझा हात धरून म्हणाला, "आई, किती सोसलंस गं तू."

मी काही सोसलं नाही. मी रोज संध्याकाळी घरी येऊन गरम आमटीभात जेवत होते. त्या पलंगावर दोन हिवाळे माईंनी काढले.