सासूच्या एक पायरी खाली

"वनिता, खरं सांग. हे फॉर्म तू घरी बसून भरलेस ना?"

हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, गावोगाव फिरून सर्व्हेचे फॉर्म भरणारी वनिता माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तिनं तो टेबलावर असा आपटला की निम्मं पाणी माझ्या कीबोर्डवर.

"मॅडम, आठ दिस उन्हातान्हात पायी हिंडले मी. बस चुकली तर जीपला मागं लटकून आले. अन् तुमी मला चोर म्हनून राहिल्या?"

राग खरा वाटत होता. पण समोरच्या स्क्रीनवरचा डेटा पाहून माझंही डोकं फिरलं होतं.

आधी काम काय होतं ते सांगते. मी बावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका संस्थेचा सर्व्हे माझ्याकडे आला. विषय सकारात्मक मानसशास्त्र. म्हणजे माणूस आजारी का पडतो यापेक्षा माणूस बरा, समाधानी कशानं राहतो, हे शोधायचं. त्यासाठी एक साधा प्रश्न असतो. दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र दाखवायचं. सगळ्यात वर सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खाली सगळ्यात वाईट. मग विचारायचं, तुम्ही आज कुठल्या पायरीवर? आकडा सांगायला बायका अडखळतात म्हणून मीच शक्कल काढली होती. हातात एक चिंचोका द्यायचा आणि तो पायरीवर ठेवायला सांगायचं.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही घरटी सासू आणि सून अशा जोड्या घेतल्या होत्या. गावाचं नाव सांगत नाही, नावंही बदलली आहेत. तर त्या गावाच्या डेटात सासू पाचवर, सून चारवर. सासू सहावर, सून पाचवर. घरामागून घर, तेच. एकही सून सासूच्या बरोबरीला नाही, वर तर नाहीच नाही. मी थक्क झाले. अहो, माणसं इतक्या शिस्तीत दुःखी नसतात!

पुण्याच्या सरांचा फोन आला तर ते आनंदात.

"मॅडम, जबरदस्त फाइंडिंग आहे! सून कायम सासूपेक्षा एक पायरी खाली. असं कुणी दाखवलेलं मला तरी माहीत नाही."

"सर, हे फाइंडिंग नाही, घोळ आहे."

"डेटा खोटं बोलत नाही, मॅडम."

"डेटा बोलतच नाही सर. फॉर्म भरणारं माणूस बोलतं."

त्यांनी ते कानाआड केलं. "आणि ते एक घर आहे ना, सासू आठवर, सून सातवर? गावातलं सगळ्यात सुखी घर. रिपोर्टमध्ये त्यांची यशोगाथा टाकू. फोटो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी वनिताला घेऊन गावात गेले. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, "नेहमी करतेस तसंच एक घर कर. मी गप्प बसते."

तिनं केलं. ओसरीवर सासू पोत्यावर बसली, सून चौकटीला टेकून. वनितानं कार्ड पसरलं आणि चिंचोका आधी सासूला दिला. मोठ्या माणसाला आधी, बरोबरच आहे. सासूनं तो पाचवर ठेवला. तो तिथंच राहिला. मग दुसरा चिंचोका सुनेला. तिनं कार्डाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, पदर नीट केला आणि झटकन चारवर ठेवला.

मला राहवलं नाही. "अगं, वर का नाही ठेवलास?"

ती माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघायला लागली.

"अवो, आत्याच्या वर कशी ठेवू?"

सासूनं समाधानानं मान हलवली. सून बाजेवर सासूच्या शेजारी बसत नाही, खाली बसते. तिचा चिंचोका तरी कसा बसेल?

मी कपाळाला हात लावला. एकटीला विचारायचं, हा नियम प्रोटोकॉलमध्ये होता. प्रोटोकॉल म्हणजे काम कसं करायचं याची नियमावली. ती मराठीत मीच आणली होती. पण एका ओसरीच्या घरात एकांत कुठून आणायचा, हे ट्रेनिंगमध्ये मी एकीलाही सांगितलं नव्हतं. चिंचोक्यांची अक्कलही माझीच. आणि चोर ठरवलं कुणाला, तर वनिताला.

"चुकलं गं माझं," मी तिथंच म्हटलं.

"तुमी मोठ्या हाव, तुमाला काय म्हनावं," ती म्हणाली आणि दुपारपर्यंत फुगलेलीच राहिली. बरोबर केलं तिनं.

एकांताची जागाही शेवटी तिनंच सांगितली. "मॅडम, समद्या जनी कापसात निंदायला गेल्यात. तिथं सासवा नसतात." आम्ही बांधावर गेलो. एकेकीला लिंबाखाली बोलवायचं, बाकीच्यांकडे पाठ, कार्ड तिच्या हातात. आणि काय सांगू, चिंचोके उड्याच मारायला लागले! एकीनं थेट नऊवर ठेवला. म्हणाली, "नवरा पीत न्हाई, अन् आत्या महिन्यासाठी लेकीकडं गेल्या. अजून काय पायजे?" दुसरी चारवरून दोनवर उतरली आणि का ते सांगितलं नाही. म्हणजे आमच्याकडे खोटं दुःखही होतं आणि खोटं सुखही. एका आठवड्याचं सगळं काम मातीत.

मी बांधावरूनच सरांना फोन लावला. ते थोडे हिरमुसले, पण लगेच सावरले.

"मग राहिलेल्या सुनांना करेक्शन लावू. सरसकट एक पायरी वर. त्या सुखी घरातली सून आठवर जाईल. उलट छानच! यशोगाथा तेवढी घेऊन या."

मला लाज वाटते, पण सांगते. मलाही ते पटलं. ऊन होतं, घसा सुकला होता, आणि एक तरी घर सुखी निघतंय याचं बरं वाटलं.

ते घर गयाबाईंचं. पक्कं बांधकाम, दारात नळ, दोन म्हशी. मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला. सून उषा, पहिलटकरीण, पाच महिन्यांचं पोरगं. गयाबाई पन्नाशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. बाळ त्यांच्याच मांडीवर. उषा उठली की गयाबाई उठायच्या. उषा पाणी आणायला आत गेली, या मागोमाग. मी मनात म्हटलं, बया, किती ही खाष्ट सासू! सुनेला श्वास तरी घेऊ देते का?

फोटोसाठी विचारलं तर गयाबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

म्हटलं, आलोच आहोत तर उषालाही एकटीला विचारून घेऊ. मी वनिताला खूण केली. तिनं "काकू, तुमचा अंगठा राहिला की फॉर्मावर," म्हणत गयाबाईंना ओसरीवर अडकवलं. मी चहाच्या निमित्तानं उषाबरोबर स्वयंपाकघरात गेले, कार्ड तिच्यापुढे फरशीवर ठेवलं आणि चिंचोका हातात दिला.

"उषा, इथं कुणी नाही. तुझी तू ठेव. सासूचं बघू नकोस."

तिनं तो बराच वेळ मुठीत धरला. मग हात पुढे केला आणि चिंचोका कार्डाच्या बाहेर ठेवला. शिडीच्या खाली, फरशीवर.

"पडला का गं?"

"न्हाई. तिथंच ठेवला."

बावीस वर्षांत शिडीच्या बाहेरचं उत्तर मी पाहिलं नव्हतं.

"काय होतंय तुला?"

"काय बी व्हत न्हाई, हेच. लेकरू रडून राहिलं की ऐकू येतं मला. पर उठावंच वाटत न्हाई. समदे म्हनतात किती गुणाचं पोरगं. मला ते दुसऱ्याच कुनाचं वाटतं."

अशा वेळी एक प्रश्न सरळ विचारायचा असतो. विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. हे मी किती तरी वर्गांना शिकवलं. त्या दिवशी मात्र मला तो जड गेला. कसंबसं विचारलं.

"उषा, मरून जावं असं वाटतं का?"

"व्हय," ती म्हणाली. मीठ टाकलं का विचारल्यावर म्हणावं तसं. "दोनदा हिरीवर गेले. दोन्ही बारीला आत्या मागून आल्या, पानी शेंदायला म्हनून."

ह्या पोरीला आम्ही सातवर बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत आठवर चढवणार होतो. आणि वर तिचा हसरा फोटो!

मी तिला सरळ सांगितलं, "सर्व्हेतलं कुणाचं उत्तर आम्ही बाहेर सांगत नाही. पण जिवाचा प्रश्न आला की तो नियम सुटतो. हे मी पोटात ठेवून इथून जाऊ शकत नाही. घरात कुणाला सांगू?"

"कुनालाच न्हाई. समदे म्हनतील, खायला-प्यायला हाय तरी हिला तकलीफ काय?"

"कुणाला तरी सांगावं लागेल, बाई."

तिनं फरशीवरचा चिंचोका उचलला. मग म्हणाली, "आत्याला सांगा. पर मी आतच बसते. माझ्या तोंडातून निघायचं न्हाई."

मी वनिताला तिच्याजवळ बसवलं आणि तरातरा ओसरीवर आले. गयाबाईंना चांगलंच फैलावर घ्यायचं असं ठरवूनच आले होते.

"गयाबाई, तुमची सून आजारी आहे."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे? मग त्या दिवशी आठवर कसा ठेवलात? सुखी आहात म्हणून?"

गयाबाईंनी बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आवाज एकदम खाली आला.

"मी पाचावर ठेवला असता तर तिनं चारावर ठेवला असता. मी तिनावर, तर ती दोनावर. माझ्या वर काय ती जात न्हाई. कागदावर का व्हईना, पोरीला खाली काहून ढकलू? म्हनून मी वर ठेवला. म्हनलं, तिला जागा तरी ऱ्हाईल."

आम्हाला जो घोळ सापडायला स्क्रीन लागली, गावभर फिरावं लागलं, तो ह्या बाईला पहिल्या चिंचोक्यालाच कळला होता.

"अन् मॅडम, दोन महिने झाले मी हिला एकली सोडून राहिले न्हाई. हिरीवर जाते, मागं जाते. जाऊबाई म्हनली, लागीर झालंय, बाबा आना. न्हाई आनला मी. दवाखान्यात नेलं, तर रक्ताच्या लाल गोळ्या देऊन लावून दिलं. मंग तुमची मानसं आली, सुख-दुःख इचारायला. मला वाटलं, शिकल्या-सवरल्या बाया, लेकराच्या आईचं तोंड असं काहून दिसून राहिलं, हे तरी इचारताल." त्यांनी बाळाच्या पाठीवर थोपटलं. "तुमी फोटो मागितला."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला रडूच आलं, आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही. गयाबाई माझ्याकडे बघत होत्या, पण धीर-बिर काही दिला नाही. "रडू नका. डॉक्टर कुठला ते सांगा," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी जीप केली. मागच्या सीटवर मधे उषा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गयाबाई आणि बाळ. हिंगोलीत ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य. हा आजार आहे, नखरा नाही, आणि तो बरा होतो. गोळ्या लिहिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं आणि गयाबाईंना बजावलं, "हिला एकटं सोडू नका."

"दुसरं काय करून राहिले मी?" गयाबाई फणकारल्या. डॉक्टर चक्क सॉरी म्हणाले. नवऱ्याला फोन गेला, तो दुसऱ्या सकाळी येऊन थडकला.

लगेच काही घडलं नाही. दोन आठवडे उषा खाली मान घालून यायची आणि तशीच जायची. पाचव्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? तर ती वैतागून म्हणाली, "हे पोरगं लई छळतंय. केसच उपटून राहिलं, झोपू देत न्हाई." डॉक्टर हसले, मी हसले. गयाबाई मात्र तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

सरांना मी सगळं कळवलं, अर्थात उषानं हो म्हटल्यावर. करेक्शन रद्द झालं, यशोगाथाही रद्द. अख्खं गाव आम्ही पुन्हा केलं, यावेळी बांधावर, गिरणीत, जिथं बाई एकटी सापडेल तिथं. माझ्या सांगण्यावरून फॉर्ममध्ये सगळ्यात वर एक रकाना वाढला: उत्तर देताना जवळ कोण होतं, आणि त्यांनी आधी काय सांगितलं? सरांना तो अनावश्यक वाटला होता. मी म्हटलं, मग हे काम दुसऱ्या कुणाला द्या. रकाना राहिला.

बाकी, शिकण्यासारखं एवढंच. त्या गावाच्या सुखाचा अभ्यास करणारे, ऑफिसातले धरून, आम्ही पाच जण होतो, त्यात एक पुण्याचे डॉक्टरेटवाले. उषाचं दुखणं ओळखलं एकट्या गयाबाईंनी, आणि त्यांचा फॉर्म आम्ही 'समाधानी' असा शिक्का मारून फाइलला लावला होता.