औषधी बकरीचं दूध

नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा आजूबाजूला रिकामे प्लॉट होते आणि त्यांवर कमरेइतकं गाजरगवत माजलेलं होतं. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. स्वतःचं घर झालं म्हणून बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. ऑफिसातल्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी चहाला आणून गच्ची दाखवली असेल.

दिवाळीच्या आधी आईच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या खाचेत पुरळ उठलं. खाजवून खाजवून कातडी जाड, काळी झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईने तिच्या कपाळाला बोट लावायचं टाळलं आणि करंडाच पुढे केला, "तुमीच लावून घ्या वं." आई हसली, लावून घेतलं, वाण घेऊन घरी आली. त्यानंतर ती कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ही गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे, बाईंना इथून हलवा. बाबा घरी येऊन त्या डॉक्टरांवरच उखडले. "घर बांधून झालं आन् हा म्हणते राहू नका!" एकदा मनाने घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते ऐकत नसत.

मग इतवारीतल्या एका वैद्याने त्यांना उपाय सांगितला. अंगात उष्णता फार, कडू औषध बाईंना पचायचं नाही. ते बकरीला चारा आणि तिचं दूध प्यायला द्या. बाबांनी दुभती बकरी आणली. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते तिला कडुनिंबाचा आणि अडुळशाचा पाला हाताने चारत, वर हळद लावलेली भाकरी. माझ्या तापात कधी कपाळाला हात न लावलेला हा माणूस बकरीची अशी सेवा करताना पाहून मला हसू यायचं आणि रागही यायचा.

उन्हाळ्यात दूध कडू लागायला लागलं. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. "पाह्य वं, कडू लागून राहिलं न? म्हणजे औषध उतरून राहिलं दुधात!" आई डोळे मिटून पेला रिकामा करायची. दूध जितकं कडू, तितका बाबांचा भरवसा वाढायचा.

आईचा चेहरा मात्र सुजतच गेला. शेवटी उमरेडहून मामा आला आणि तिला घेऊन गेला. तिथे काही दिवसांतच तिची कातडी निवळली. बाबा म्हणाले, दुधाचा गुण आला. तिला परत आणलं, तर आठवडा व्हायच्या आत तिचे डोळे उघडेनात. मामा पुन्हा आला. या वेळी तो बाबांना म्हणाला, "भाऊजी, घर इका न गा, दुसरीकडं राहा." बाबा म्हणाले, दूध लागू पडून राहिलं, आता कशाले इकू? आई उमरेडला गेली, बरी होईपर्यंत. माझी शाळा नागपूरला, म्हणून मी बाबांजवळ राहिले. अशी वर्षं गेली.

दर रविवारी आम्ही दोघं एस.टी.ने उमरेडला जायचो. कडीच्या डब्यात तापवलेलं दूध बाबा मांडीवर धरून बसत. आई ते त्यांच्यासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत पीत असे.

एका रविवारी बाबा मामाशी बोलत अंगणात बसले होते. मी स्वयंपाकघरात आईजवळ होते. रिकामा पेला विसळताना ती अगदी सहज म्हणाली, "बकरी गाजरगवत खाते. त्याच्यानंच दूध कडू होते. मी तिथं असतानाच पाह्यलं होतं. दोर सुटला का थे प्लॉटावर चरे."

मी तिच्या हातातला पेला काढून घेतला. "मंग काहून पेतं तू?"

"तुहे बाबा किती उमेदीनं आणतेत. माह्यासाठी दुसरं काय करतीन थे? करू दे न. तू सांगू नको बरं."

मी नाही सांगितलं. तिने शब्द घेतला होता. पण तिचा राग मला आजही येतो. तिने एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं तर बाबांचा भ्रम फुटला असता, घर विकलं असतं, कुठल्यातरी दोन खोल्यांत आम्ही तिघं एकत्र राहिलो असतो. तिने त्यांचं मन जपलं आणि त्या जपण्यात मी आईवाचून मोठी झाले. रविवार सोडला तर माझ्या केसांना तिचा हात लागला नाही.

मी मॅट्रिकला असताना तिला कावीळ झाली आणि ती उमरेडलाच वारली. चेहरा शेवटपर्यंत नितळ होता. घरी ती कधी परत आलीच नाही.

तेरावं झाल्यावर आम्ही नागपूरला परतलो. बाबा कुलूप न काढता बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "अजून एक उन्हाळा दूध पेली असती न पोरी, तर घरी आली असती तुही माय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि हो म्हणाले.