विसण न घातलेलं पाणी

गॅसची टाकी फुटली तेव्हा रिकामी कळशी माझ्या हातात होती. पाणी ओतून मी दहा पावलं आले होते, म्हणून मला काही लागलं नाही. धाकटा दीर भिंतीला टेकून पडला होता आणि टाकीचा तुकडा त्याच्या छातीत घुसला होता. नवरा दोन्ही हात डोळ्यांवर दाबून गाडीच्या चाकापाशी बसला होता. गाडी चालूच होती.

गाडी आमची नव्हती. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. संत तुकाराम नगराच्या मागच्या अंगाला आमचं पत्र्याचं घर होतं. नवरा पिंपरीत फ्रिजदुरुस्तीच्या दुकानात मिस्त्री होता. दीर तिशीचा. भोसरीतल्या एका कारखान्यात हंगामी म्हणून लागायचा, सहा महिने झाले की घरी बसायचा. आळंदीची एक मुलगी त्याला पसंत होती. तिच्या बापाचं म्हणणं एवढंच, की नोकरी कायमची झाली की या, तोवर चहाला येऊ नका.

त्याच कारखान्याच्या मालकाने जुनी परदेशी गाडी घेतली होती. बसकी, दोन दारांची, शर्यतीतल्यासारखी. तिच्यात गार हवेचं यंत्र होतं, पण ते फार सावकाश गार व्हायचं. मालक नवऱ्याला म्हणाला, "मिस्त्री, चाकणला निघतो आणि चाकण आलं की हवा गार होते. मग मी काय गाडीतच मुक्काम करू?" यंत्र नीट झालं तर दिराला कायम करतो, असंही तो म्हणाला. म्हणून रविवारी सकाळी मालक गाडी घेऊन आमच्या अंगणात आला.

नवरा फ्रिजचा मिस्त्री, असली गाडी त्याने पहिल्यांदाच उघडली. पण काम पद्धतशीर करायचा. आधी पट्टा ढिला होता तो ताणला. मग पुढची जाळी धुळीने भरली होती ती पाण्याने धुतली. तरी फरक थोडाच. नळीवर एक छोटी काच होती, तिच्यातून गॅस वाहताना दिसायचा. तिच्यात बुडबुडे दिसले, म्हणजे गॅस कमी. सांध्यांना साबणाचा फेस लावला, एका ठिकाणी फेस फुगला. तो सांधा त्याने आवळला आणि नवा गॅस भरायला लहान टाकी जोडली.

गॅस सुटला की टाकी गार पडते, तिच्यावर दव धरतं आणि गॅस येईनासा होतो. त्यासाठी टाकी कोमट पाण्याच्या बादलीत उभी करायची, हे दुकानातलं रोजचं काम. नवऱ्याने मला सांगितलं होतं, हात बुडवून ठेवता येईल एवढंच पाणी दे. पहिली बादली मी तशीच दिली. बंबातलं पाणी काढलं, गार पाण्याचं विसण घातलं, हात बुडवून पाहिला.

ती बादली लवकर गार पडली. टाकी दिराने धरली होती. मालक घड्याळ बघत होता, त्याला दुपारी व्याह्यांना घेऊन जायचं होतं. दीर हसून म्हणाला, "वैनी, ह्ये पाणी व्हय? यात अंडंसुदिक उबायचं न्हाई. चांगलं कडक आणा."

घरातलं गार पाणी संपलं होतं. नळ गेला होता आणि विहीर लांब. बंब मात्र रविवारचं न्हाणं म्हणून सकाळपासून पेटलेला, पाणी खळखळत होतं. नवरा गाडीत डोकं घालून बसला होता. मला वाटलं, लोखंडाची टाकी, तिला काय होणार. विसण न घालता मी कळशी भरली आणि बादलीत ओतली.

मालकाने दिराला त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडीत दोनच माणसं बसायची. मी नवऱ्याला हात धरून रस्त्यापर्यंत चालत आणलं. पहिल्या रिक्षावाल्याने त्याचा चेहरा बघून नाही म्हटलं. दुसऱ्याने घेतलं.

दवाखान्याच्या बाकावर मी नवऱ्याला सांगितलं, की पाणी उकळतं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे तो काय विचार करतोय ते कळेना. मग म्हणाला, "टाकी मी गच्च भरली होती."

लहान टाकी भरताना वर जागा ठेवायची असते, गॅस तापला की फुगतो. हे त्याला माहीत होतं. शनिवारी दुकानात मोठ्या टाकीतून भरताना वजनाचा काटा दुसऱ्या कुणी नेला होता. त्याने हाताने वजन बघून भरली. रविवारी दुकान बंद, गॅस कमी पडला तर भावाचं काम अडेल, म्हणून काठोकाठ भरली.

लोक मला विचारत, चूक कुणाची. मी सांगत असे, आमची दोघांची. पुढे कुणी विचारलं नाही. मालकाने दुसऱ्या आठवड्यात माणूस पाठवून गाडी दुसरीकडे दुरुस्त झाल्याचं कळवलं. का कळवलं ते मला आजही समजलेलं नाही. आळंदीहून मुलीचा बाप आला. बसला, आणि मी दिलेला चहा घेतला.

दीर तिसऱ्या दिवशीच सकाळी दवाखान्यात गेला होता. नवऱ्याचा एक डोळा गेला, दुसऱ्याने त्याला दिसत राहिलं. आम्ही दोघं जगलो.