दुसऱ्या बाजूचा नांगर

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती आणि रसूल सायकल हातात धरून फाटकातून आत आला. जयसिंगपुरात स्टँडमागं त्याचं सायकलचं दुकान आहे, आणि दिवसाउजेडी ते सोडून तो कुठं जात नाही. त्याला पाहूनच मी उठलो. "मास्तर, शिकलगार सर गेले. पहाटं," तो म्हणाला आणि हँडलवरची घंटी अंगठ्यानं उगाच घासत उभा राहिला. "कोल्हापूरला भनीकडं निघालोय. तुमाला सांगून जावं म्हटलं... मला रडू येत न्हाय, मास्तर. राग मानू नका." मी राग मानला नाही. त्याला रडू का येत नव्हतं हे मला ठाऊक होतं. मला येत होतं, आणि ते त्याच्यासमोर येऊ नये असंही वाटत होतं. सरांबद्दल लिहायला बसलो की हे दोन्ही एकदमच येतं, म्हणून हे लिहायला इतके आठवडे लागले.

इस्माईल शिकलगार सर कोल्हापुरात आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी शिरोळकडच्या एका खेड्यातून बी.ए. होऊन तिथं मास्तर म्हणून लागलो तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. घरमालक आधी प्रेमानं बसवून घ्यायचा, गाव विचारायचा, मग आडनाव विचारायचा. कांबळे म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. असाच एकदा शिक्षकांच्या खोलीत डबा न उघडता बसलो होतो तेव्हा सर शेजारी येऊन म्हणाले, "कांबळे, आमच्या घरावर एक खोली रिकामी हाय. पत्रा हाय, उन्हाळ्यात तापतोय. पाणी खाली नळाला, सगळ्यांचं एकच. चालंल?" मी म्हणालो, "सर, तुमच्या घरच्यांना विचारलंत का?" ते म्हणाले, "खोली माझी हाय. कुणाला विचारायचं?" त्या संध्याकाळी मी ट्रंक घेऊन शाहूपुरीत राहायला गेलो. पुढं माझं लग्न झालं, जयसिंगपूरला बदली झाली, तोवर ते घर माझंही होतं. माझ्या आयुष्यात मला कुणी काय दिलं याचा विचार केला तर ती पत्र्याची खोली सगळ्यात आधी येते.

घर गुळाच्या दुकानांच्या मागच्या बोळात होतं. बोळात गुळाचा वास, आणि सरांचं दार उघडलं की रंगाचा आणि टर्पेंटाइनचा. सरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती. घरात त्यांची आई, म्हणजे अम्मा, धाकटा भाऊ यासीन आणि यासीनची बायको हमीदावहिनी. यासीन आधी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात होता. रत्नागिरीच्या मामानं त्याला बोटीवर लावून दिलं. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तो काम करायचा. महिनोन्‌महिने बाहेर, मग सुट्टीवर घरी. पहिल्या सुट्टीला तो सगळ्यांना काही ना काही घेऊन आला आणि सरांच्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं. वर मालवाहू जहाजाचं रंगीत चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले बारीक बारीक तुकडे. शिड्या, झाकणं, माल उचलायचे दांडे, माणसाच्या नखाएवढ्या होड्या. ते ब्लेडनं सोडवायचे, कानशीनं घासायचे, नळीतल्या डिंकानं जोडायचे आणि मग रंगवायचे.

सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पण ती जहाजं त्यांनी ज्या हातानं केली, तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. उरलेल्या चौकटीचा दांडा ते मेणबत्तीवर धरायचे, मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचे, आणि त्याची केसासारखी तार निघायची. ती डोलकाठीला बांधायची. पहिलं जहाज पुरं होत आलं तेव्हा यासीन सुट्टीवरच होता. त्यानं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि हसत सुटला. "भाई, ह्याचा नवरदेव करून ठेवलायस की तू! हे जहाज कुठं गेल्यालंच दिसत न्हाय. ह्याला जरा घाण कर." सर दुखावले. "एवढा रंग दिलाय, आणि घाण करू व्हय?" मग यासीननं समजावलं. जहाज थांबवायचा लोखंडी नांगर पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना भोकात ओढून घेतलेला असतो, तो ओला असतो, आणि त्याच्याखाली गंजाचा तांबडा ओघळ उतरतो. "जहाज रडल्यासारखं दिसतंय बघ." सरांनी चहाच्या रंगाचा पातळ हात देऊन तो ओघळ काढला, आणि खरंच, जहाज कुठून तरी आल्यासारखं दिसायला लागलं.

त्या जहाजाचे दोन नांगर तेवढे चिकटवायचे राहिले आणि यासीनची सुट्टी संपली. "राहू दे," तो म्हणाला, "आल्यावर मी लावतो." आणि पुढच्या सुट्टीला आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, त्यानं ते लावले. तिथून तो रिवाजच पडला. यासीन निघाला की सर त्यानं आणलेलं नवं जहाज सुरू करायचे, यथासावकाश पुरं करायचे, आणि नांगर काडेपेटीत ठेवायचे. यासीन परत आला की नांगर लागायचा. काचेच्या कपाटात जहाजं वाढत गेली. येणारे-जाणारे हमाल खिडकीतून ओरडायचे, "सर, एखादं पंचगंगेत सोडा की!" आणि अम्मा आतून म्हणायची, "माझं पोरगं तेवढं समुद्रातनं भाईर काढा, मग सोडा."

सत्तरचं दशक निम्मं झालं असेल. यासीनची तार आली, जहाज मुंबईला लागतंय, ईदेला घरी येतो. त्याच आठवड्यात शाळेत गॅदरिंग होतं आणि प्रदर्शनात सरांचं नवं जहाज मधल्या टेबलावर ठेवायचं ठरलं. हेडमास्तर ते वाकून पाहत होते. "वा! पण सर, नांगराशिवाय जहाज? पाहुणे विचारतील, हे थांबणार कसं?" सगळे हसले. सरही हसले. "आता येतोयच की तो," असं म्हणून त्यांनी घरून काडेपेटी मागवली आणि सगळ्यांसमोर दोन्ही नांगर लावून टाकले. तार खिशात होती, मन खुशीत होतं. कुणालाही वाटलं नसतं की यात काही चुकलं.

जहाज मुंबईला लागलं. यासीन त्यावर नव्हता.

मी सरांबरोबर मुंबईला गेलो होतो. कंपनीच्या माणसानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि हळू आवाजात सांगितलं की हवा खराब होती, सकाळी पाळीवर माणूस आला नाही, सगळं जहाज शोधलं. त्यांच्या कागदावर 'बेपत्ता' असा शब्द होता. मृत्यू असा नव्हता. मग त्यांनी आम्हाला गोदीत नेलं. सरांनी आयुष्यात पाहिलेलं ते पहिलं खरं जहाज. भिंतीसारखं उंच, आणि पुढच्या टोकाला नांगर, आणि त्याखाली तो तांबडा ओघळ. सर मान वर करून किती वेळ बघत राहिले. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "रंग बरोबर आलाय आपला." आणि मग, "नांगर लावायला नको होता, कांबळे..."

घरी आल्यावर त्यांनी ब्लेड घेतलं. त्या डिंकाचं असं असतं की तो नुसता चिकटत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. नांगर निघेना. सरांनी दोन्ही अक्षरशः कापून काढले. जहाजाच्या अंगाला खळगे पडले, ते त्यांनी भरले, घासले, वरून पुन्हा रंग दिला, पुन्हा ओघळ काढला. नांगर काडेपेटीत गेले. भुतंखेतं मानणाऱ्या विज्ञानाच्या मास्तरांशी वाद घालणारा माणूस तो. पण त्या दिवसापासून, नांगर लागत नाही तोवर, यासीनची ती फेरी त्यांच्या लेखी चालूच होती.

हमीदावहिनी तेव्हा पंचविशीच्याही नसतील. मूलबाळ नव्हतं. काही वर्षं गेली. जाणत्या मंडळींचं म्हणणं पडलं की घरच्या कर्त्या माणसानं यासीन गेला असं एकदा बोलून मोकळं व्हावं, म्हणजे त्या पोरीची पुढची वाट काढता येईल. स्थळही आलं होतं, मिरजेचं, चांगलं. रसूल, वहिनींचा थोरला भाऊ, ते सांगायला आला तेव्हा मीही तिथं होतो. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "सर, तुमी शिकल्यालं माणूस. माज्या भनीनं अजून किती वर्सं असं बसायचं? तुमी फकस्त एवढं म्हणा, यासीन ग्येला. बास. म्होरचं आमी बघतो."

सर त्याच जहाजाच्या शिडीला पुन्हा रंग देत होते. ब्रश खाली न ठेवता म्हणाले, "मी म्हटलं की तो जातोय, रसूल."

"आवो, तो ग्येलाय की!"

"एकदा घाई केली मी. पुन्हा न्हाय."

रसूलचा आवाज चढला. "आवो, ही प्लास्टिकची खेळणी, सर! माझी भन जिती हाय!" तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "दादा, चहा घ्या आणि जावा. एस.टी. चुकंल." रसूल चहा न घेताच गेला.

मी त्यानंतर एकदा सरांना विचारलं. मी म्हणालो, "सर, वहिनींचं काय?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावून नाही, थकून. "कांबळे, तुम्हाला खोली दिली तेव्हा मी कुणाला विचारलं नव्हतं. हे पण मला विचारू नका." ज्या वाक्यानं मला छप्पर मिळालं होतं, तेच वाक्य त्यांनी दारासारखं लावून घेतलं. मी वहिनींशीही बोललो. त्या सरळ निघून का जात नाहीत, कोण अडवणार होतं? शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊ, मी गेले तर भाईजान म्हणतील, हिनं पण घाई केली. अम्मा हातरुणात हाय. कसं जाऊ?" मिरजेचं स्थळ दुसरीकडं जमलं. अम्मा वारल्या. त्यानंतर सर माझ्या जुन्या पत्र्याच्या खोलीत झोपायला गेले, आणि खाली वहिनींनी मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली. वाकडा शब्द कुणाला बोलता येऊ नये म्हणून संध्याकाळनंतर सर खाली उतरतसुद्धा नसत. त्यांच्यासारखा सज्जन माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्यामुळं एका बाईचं आयुष्य त्या घरात थांबून राहिलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी खूप प्रयत्न केला, पण एकानं दुसरं पुसलं जात नाही.

शेवटची भेट पावसाळ्याच्या आधी झाली. सरांना दमा जडला होता, हात थरथरत होते, रंगाच्या डब्या वाळून गेल्या होत्या. आता खाट खाली आणली होती. मी गेलो तेव्हा वहिनी खिडकीशी बसून कुणाच्या तरी झंपरला काजं करत होत्या. सर कपाटाकडं बघत होते. मग त्यांनी उशीखालून काडेपेटी काढली. हात पुढं केला तर आतले नांगर खुळखुळ वाजत होते. "हमीदा," ते म्हणाले, "घे. तू लाव. यासीन... यासीन गेला. मोकळी हो."

इतकी वर्षं रसूल जे शब्द मागत होता ते असे आले. वहिनींनी दोरा दातानं तोडला. सुई झंपरला टोचून ठेवली. "आता मोकळी हून कुठं जाऊ, भाईजान?" त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, तेच मला सहन झालं नाही. त्यांनी उठून काडेपेटी घेतली, मशीनवर ठेवली, आणि सरांच्या औषधाची बाटली हलवायला लागल्या. सरांनी भिंतीकडं तोंड केलं. मला निरोप द्यायला ते वळले नाहीत.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी आणि रसूल एकाच एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. फातेहाची प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली, आणि मी त्या खोलीत एकटाच बसलो. बाकीची जहाजं कपाटात जागच्या जागी होती. गॅदरिंगमधलं ते एक मात्र शिवणाच्या मशीनशेजारी, भिंतीला लागून ठेवलेलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. खोलीकडच्या बाजूला नांगर लावलेला होता. परदेशी डिंक कधीच संपला होता, त्यामुळं वहिनींनी सुई स्टोव्हवर तापवून प्लास्टिक वितळवून तो बसवला होता. कडेला थोडं काळं पडलं होतं आणि नांगर तिरका बसला होता. सरांनी असलं काम मुळीच चालवून घेतलं नसतं. मी जहाज हळूच फिरवलं. भिंतीकडची बाजू मोकळी होती. सरांनी भरून घासलेल्या जागेखाली गंजाचा ओघळ तेवढा उतरत होता, वर काहीच नसताना.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कप मशीनवर ठेवून त्या म्हणाल्या, "हा भाईजानचा. त्यांची फेरी झाली."

"आणि दुसरा?"

त्यांनी मशीनचा खण थोडा ओढला. आत बॉबिनी, खडू, आणि ती काडेपेटी. "ह्येंच्या फेरीचं मला ठाऊक न्हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातलं जहाज घेऊन त्यांनी ते पहिल्यासारखं फिरवलं, लावलेला नांगर खोलीकडं आणि मोकळी बाजू भिंतीकडं.